विक्रीला निघालेला जुन्या नाशकातला वाडा: जाहिरातीतला एकेक शब्द तपासून

‘ऐतिहासिक सागवानी वाडा, दोन चौक, स्वतःचा आड, थोर व्यक्तीचे वास्तव्य, गंगाघाट पाच मिनिटांवर.’ जुन्या नाशकातला वाडा विकायला निघाला की जाहिरात साधारण याच शब्दांत येते. यातला प्रत्येक शब्द किमतीत धरलेला असतो. म्हणून इथे एखाद्या एकाच वाड्याचे कौतुक न करता सोमवार पेठ, तिवंधा, पगडबंद लेन, तांबट आळी, सराफ बाजार या पट्ट्यात विक्रीला येणारा वाडा ही वस्तू म्हणून कशी आहे, ते पाहिले आहे.

मत आधीच सांगून टाकतो. सुस्थितीतला वाडा ही नाशिक शहरात आज मिळू शकणारी सगळ्यात उमदी राहती जागा आहे. दीड हात जाडीची भिंत, चौकातून उतरणारा उजेड, वैशाखातही गार राहणारे माजघर आणि पावसाळ्यात झोपाळ्यावर बसून पागोळ्या पाहता येतील अशी ओसरी गंगापूर रोडवरच्या महागड्यातल्या महागड्या फ्लॅटमध्येही मिळत नाही. मात्र विक्रीला येणारे बरेच वाडे सुस्थितीत नसतात, आणि त्यांची किंमत मागितली जाते ती त्यात कधी काळी राहून गेलेल्या माणसाच्या नावावर. नावाचा भाव वेगळा काढायचा आणि वास्तूचा वेगळा. ही दोन खाती एकत्र झाली की घेणारा फसतो.

वास्तव्य की मुक्काम

नाशकात थोरांची वर्दळ कायम राहिली, कारण हे तीर्थक्षेत्र आहे. राजे, सरदार, शास्त्री, सावकार गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानाला आणि श्राद्धाला येत आणि आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात उतरत. त्यामुळे ‘अमुक सरदार इथे राहिले होते’ हे वाक्य अनेक वाड्यांबद्दल खरेही असते, पण त्याचा अर्थ तीन रात्रींचा मुक्काम असाही असू शकतो. वास्तव्य म्हणजे संसार, पत्ता, घरपट्टी. मुक्काम म्हणजे उपाध्यायांच्या वहीतली एक नोंद. रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या हा मोलाचा पुरावा आहे, पण माणूस येऊन गेला एवढेच त्यातून सिद्ध होते. घर त्याचे होते हे नाही.

खऱ्या वास्तव्याची मोजपट्टी शहरातच आहे. पेशव्यांपैकी रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचा संबंध आनंदवल्लीशी आहे, गावाचे नावच त्याची साक्ष देते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे अखेरचे दिवस गंगापूर-पंचवटी भागात गेले. सावरकरांचे भगूरचे जन्मघर राज्य सरकारचे स्मारक आहे, आणि तिळभांडेश्वर गल्लीतले अभिनव भारत मंदिर त्यांच्या नाशकातल्या दिवसांची खूण आहे. कुसुमाग्रजांचे टिळकवाडीतले घर सगळ्या नाशिकला ठाऊक आहे. यांतली कोणतीही वास्तू विकायची नाही, पण कोणीही मान्य करील असे वास्तव्य कसे दिसते ते त्यांवरून कळते: छापील चरित्रात पत्ता, पत्रव्यवहारात पत्ता, सरकारी कागदात नाव.

विक्रेता नाव सांगतो तेव्हा हेच तीन कागद मागावेत. जुन्या घरपट्टीच्या उताऱ्यात घरमालकाचे आणि भोगवटादाराचे नाव येते. टपालाचा शिक्का असलेले पाकीट किंवा पोस्टकार्ड घरच्यांकडे असेल तर त्यावरचा पत्ता वाचावा. त्या व्यक्तीचे चरित्र असेल तर नाशिक सार्वजनिक वाचनालयात जाऊन पाहावे. ही संस्था १८४०ची आहे आणि स्थानिक ग्रंथ, नियतकालिके पाहायला शहरात तिच्यासारखी जागा नाही. कागद मिळाला तर नावाला मोल आहे: पुढे तिथे अभ्यागतांसाठी खोल्या, छोटे संग्रहालय किंवा सभागृह करायचे असेल तर ते उपयोगी पडते. कागद नसेल तर ती आठवण म्हणून ऐकावी, तिचा मान ठेवावा, तिच्यासाठी पैसे मात्र मोजू नयेत.

‘पेशवेकालीन’ या शब्दाची परीक्षा त्याहून सोपी असते, कारण साक्षीदार भिंतीतच बसलेले असतात. पेशवाईतली वीट पातळ, चपटी असते. नऊ इंच लांब, साडेचार रुंद आणि तीन जाड अशी वीट दिसली तर ते काम इंग्रजी अमलातले. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ साली निघाला, तेव्हा मूळ छप्पर मंगलोरी कौलांचे असेल तर ते त्यानंतरचे. कौल उलटे करून पाहावे, कारखान्याचे नाव ठशात उमटलेले असते. मजल्याखाली लोखंडी गर्डर आणि त्यांच्या मधोमध विटांच्या कमानी दिसल्या, जिन्याला ओतीव लोखंडाचा कठडा दिसला, न्हाणीत रंगीत चिनी फरशी दिसली, तर तो भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. लाकडात हाताने ठोकून केलेले चौकोनी खिळे आहेत की गोल तारेचे, हेही बघावे. बहुतेक वाडे असे मिश्र असतात: जोते आणि पहिला चौक जुना, मागचा चौक नातवाने वाढवलेला. त्यात कमीपणा काही नाही. फक्त सगळ्या वाड्याला एकाच काळाची किंमत लावू नये. तुलनेसाठी सराफ बाजारातला सरकारवाडा बाहेरून तरी नीट पाहून घ्यावा, पेशवाई कामाचा अंदाज डोळ्यांत बसतो.

सागवान: ठोकून, टोचून, दोरी धरून

वाडा लाकडी सांगाड्यावर उभा असतो. दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्याला बोद (आधाराचा आडवा ठोकळा), बोदावर तुळई (मुख्य आडवे लाकूड), तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी). भिंती बहुतांशी या सांगाड्यात भरलेल्या असतात. म्हणून भिंतीचे पोपडे पाहून घाबरायचे नाही आणि नवा रंग पाहून हुरळायचे नाही. पाहायचे ते खांबाचे पाय आणि तुळईची टोके.

जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. लागते ती बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला, नंतरच्या दुरुस्तीत घातलेल्या आंब्याच्या नाहीतर बाभळीच्या तुकड्याला, आणि ओल धरलेल्या टोकाला. साधा लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोचावा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड निरोगी. बोटभर सहज आत गेला तर टोक कुजले आहे, मधली तुळई कितीही देखणी असो. छोट्या हातोडीने ठोकत जावे: भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भद्द.

मग झोळ. तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून धरावी आणि मधोमध अंतर मोजावे. बारा फुटी तुळईला १५ मिलिमीटरच्या आत झोळ असेल तर काळजी नाही. शंभर वर्षे वजन पेललेले लाकूड थोडे वाकतेच. त्याहून जास्त असेल, किंवा तुळईच्या खालच्या अंगाला आडवी चीर गेली असेल, तर जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय विसार देऊ नये. लांबीत गेलेल्या उभ्या भेगा लाकूड सुकताना पडतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात.

कुजलेले टोक म्हणजे तुळई बाद, असे नाही. चांगला सुतार खराब भाग कापून त्याच जातीच्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतो, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारतो. टोकाभोवती अर्धा इंच हवा खेळती ठेवायची, ते सिमेंटने गच्च बुजवायचे नाही. काम चालू असताना तुळईला दोन्ही मजल्यांवर टेकू हवेत. फक्त वर टेकू दिला तर वजन खालच्या कडीपाटावर जाते.

सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, कोरीव केळफुले, महिरपी, दिंडी दरवाजावरचे पितळी काम यांचा बाजार वेगळाच आहे. वाडे पाडणारे व्यापारी लाकूड घनफुटाने मोजतात, आणि हे गणित घेणाऱ्यालाही यायला हवे. आठ इंच चौरस आणि नऊ फूट उंच खांब म्हणजे ४ घनफूट. आठ बाय दहा इंचाची बारा फुटी तुळई म्हणजे साधारण साडेसहा घनफूट. सगळे खांब, तुळया, कड्या मोजल्या की पाडल्यावर वाड्याच्या लाकडाचे काय येईल ते कळते. हा आकडा माहीत असणे महत्त्वाचे, कारण विक्रेत्याला तो व्यापाऱ्याने आधीच सांगितलेला असतो. कोरीव खांब मात्र घनफुटाच्या भावाने मोजला जात नाही. तो नगावर जातो आणि कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभा राहतो. त्याला जागेवरच ठेवणारा गिऱ्हाईक मिळावा, ही आमची मनापासूनची इच्छा.

माती, चुना आणि सिमेंटने केलेले नुकसान

वाड्याची भिंत पांढरी माती, भाजलेल्या किंवा कच्च्या विटा आणि चुना यांची असते. ती ओल शोषते आणि सोडते. गेल्या पन्नास वर्षांत वाड्यांचे सगळ्यात मोठे नुकसान कोणी केले असेल तर ते सिमेंटच्या गिलाव्याने. सिमेंटच्या आड ओल अडकते, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात, गिलाव्याचे मोठे पापुद्रे सुटतात आणि ती कोंडलेली ओल अखेर तुळईच्या टोकात शिरते. खालच्या चार फुटांना ऑइल पेंट फासला असेल तर ओल त्याच्या वर, पाचव्या फुटावर डोके काढते. म्हणून ‘नुकतेच प्लास्टर केलेला वाडा’ ही जाहिरातीतली जमेची बाजू आम्ही उणे बाजूला लिहितो.

ही दुरुस्ती करता येते, पण घाई चालत नाही. सिमेंट हलक्या हाताने काढायचे, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून सुकवायची, मग चुन्याचा गिलावा. चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला हवा. १ भाग चुना आणि ३ भाग वाळू किंवा सुरखी (विटांचा चुरा). गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची जुनी रीत जाणकार गवंडी अजून पाळतात. एका वेळी जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवायचा. वर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. गवंडी निवडताना त्याने पूर्वी केलेले चुन्याचे काम एक पावसाळा उलटल्यावर पाहून घ्यावे.

मजल्यावरच्या मातीचे वजनही धरायला हवे. कडीपाटावर सहा इंच मातीचा थर असेल तर एका चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भार पडतो, आणि माती भिजली की तो वाढतो. त्यावर कोणी कोबा केलेला असतो, कोबावर फरशी, आणि कोपऱ्यात हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, म्हणजे आणखी एक टन. वरच्या मजल्यावर नंतर काढलेले संडास-बाथरूम हे तर वाड्याचे सर्वांत दुबळे ठिकाण. त्याच्या खालच्या कडीपाटावर काळे डाग, बुरशीचा वास किंवा नव्या प्लायवूडचे छत दिसले तर ते काढून दाखवा असे सांगावे. नकार मिळाला तर आत काय असेल ते कळलेच.

पायाबद्दलही बोलायला हवे. जुने नाशिक उंचवट्यांवर वसलेले आहे. १९५०-५१ मध्ये इथल्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले तेव्हा एकावर एक जुन्या वसाहतींचे थर सापडले. म्हणजे अनेक वाड्यांखाली अस्सल मुरूम नसून माणसांनीच शतकानुशतके साठवलेली माती आहे. पाणी मुरले की ती खचते. काझीच्या गढीची कड दर पावसाळ्यात ढासळते ती याच स्वभावामुळे. भिंतीला कोपऱ्यातून तिरपी चीर असेल, वर रुंद आणि खाली अरुंद, तर पाया एका बाजूला बसतो आहे. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून महिनाभर ठेवावी. पट्टी तडकली तर हालचाल अजून चालू आहे. घुशींची बिळे, फुटलेली ड्रेनेजची नळी आणि शेजारच्या भूखंडावर नव्या इमारतीसाठी खोदलेला खड्डा ही तीन कारणे आधी तपासावीत. शेजारचा वाडा पाडल्यावर सामायिक भिंतीचा आधार जातो आणि उभा वाडा त्या बाजूला कलतो. वाडा कोसळल्याच्या बातम्यांच्या मागे पुष्कळदा हेच असते.

पाणी वरून, खालून आणि गंगेतून

वाडा पाहायचा तो पावसाळ्यात, मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्यात सगळेच वाडे छान दिसतात. माळ्यावर टॉर्च घेऊन चढावे, कौलांच्या फटीतून दिसणारा उजेड मोजावा, पन्हळी आणि कोनवासे (छपराच्या कोपऱ्यातले तिरपे वासे) पाहावेत. फुटलेले कौल बदलणे स्वस्त आहे. कोनवाशाची पन्हळ वर्षानुवर्षे गळत असेल तर तिच्याखालचा खांब बहुधा गेलेला असतो.

गल्लीची उंची ही नवख्याच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडत गेला आणि गल्ल्या उंच झाल्या. ओट्याच्या पायऱ्या मोजा. मूळच्या तीन पायऱ्यांपैकी एकच वर दिसत असेल तर दोन रस्त्याखाली गाडल्या गेल्या आहेत, आणि चौकातले पाणी बाहेर नेणारी मोरीही आता उलट्या उताराची झाली आहे. चौकात दोन बादल्या पाणी ओतून किती वेळात जाते ते पाहणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा तपास आहे.

आणि पूर. १९ सप्टेंबर २००८ चा, २ ऑगस्ट २०१६ चा आणि २०१९ चा पूर सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल परिसराने पाहिला. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले हे नाशिककर आजही पुराचे माप म्हणून सांगतात. दहीपुलाकडे केवळ गंगेचे पाणी येते असे नाही. बाजाराखालून वाहणारा सरस्वती नाला तुंबला की पाणी उलट वर चढते, गंगेला मोठा पूर नसतानाही. त्यामुळे वाडा घाटापासून किती लांब एवढे विचारून भागत नाही. शेजाऱ्यांकडे भिंतीवरची पुराची रेघ विचारावी आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून निळी व लाल पूररेषा दाखवणारा अभिप्राय घ्यावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात नवे बांधकाम करताना जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर घ्यावे लागते. अशा पट्ट्यातला वाडा राहण्यासाठी घ्यायचा असेल तर निदान विजेचा बोर्ड, धान्य, कागदपत्रे आणि पंप वरच्या मजल्यावर नेण्याची तयारी ठेवावी.

आड असेल तर छान. झाडांना, धुण्याला वापरावा. आजूबाजूला जुनी ड्रेनेज आहे, तेव्हा प्रयोगशाळेत पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. वायरिंग जुन्या लाकडी पट्ट्यांतले असेल तर सगळेच बदलावे, अर्थिंग नव्याने करावे आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा. अरुंद गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही, म्हणून लाकडी घरात हा खर्च टाळायचा नसतो.

कागद: वाड्याचे खरे जोते

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पहिला कागद सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, १० दशांश ७६४ ने गुणून चौरस फूट काढा आणि जागेवर टेप लावून पडताळा. सत्ताप्रकाराचा रकाना वाचा. तिथे ‘ब’ असेल तर जमिनीवर सरकारी अटी आहेत, आणि हस्तांतरापूर्वी परवानगी लागते का ते वकिलाकडून लेखी घ्या. मग धारकांची नावे. आजोबांच्या नावावर असलेल्या वाड्याला आज वीस-पंचवीस वारस असणे नवलाचे नाही. वंशावळ कागदावर काढून घ्या आणि प्रत्येक फांदीची सही कुठे आहे ते बघा. मुलींना विसरू नका: २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत त्या जन्मतः सहहिस्सेदार आहेत, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील तेव्हा हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले आहे. ‘ताईंनी तोंडी सोडले आहे’ या वाक्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय किंमत नाही.

एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला घरात सामायिक ताबा मागता येत नाही. हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्येच आहे. वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि तोवर पावसाळे जातात.

भाडेकरू हा वाड्याच्या किमतीतला सर्वांत मोठा आकडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे, आणि त्याच्या पश्चात घरात राहणाऱ्या कुटुंबीयाला ते मिळते. वाडा पडला की भाडेकरू आपोआप सुटतो, ही समजूत चुकीची आहे. इमारत नाहीशी झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. आणि माणसे राहत असताना वाडा मुद्दाम गळू देणे, पडू देणे हा व्यवहार नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो. भाडेकरूंशी विक्रेत्यानेच लेखी, नोंदणीकृत समझोता करून रिकामा ताबा द्यावा, तोवर रकमेचा मोठा भाग राखून ठेवावा. दुकानाच्या गाळ्यांतले भाडेकरू आणि पागडीच्या पावत्या स्वतंत्र तपासाव्यात.

वाड्यात राम मंदिर किंवा दत्ताचे देऊळ असेल आणि ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय त्या भागाची विक्री होत नाही. घरचे देवघर असेल तर प्रश्न नाही. दोन्हींतला फरक न्यास नोंदणी कार्यालयात कळतो.

महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांना नोटिसा देते. त्या वाड्याला नोटीस आली आहे का आणि कोणत्या वर्गात, हे विचारा. सी-१ म्हणजे तातडीने रिकामे करून पाडण्याजोगे, सी-२ए म्हणजे रिकामे करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ आणि फायलीत ‘सी-१’ असेल तर फाईल खरी. वाडा वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी घ्या. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नाही, दुसरीत आतून मर्यादित, तिसरीत बराच. वारसा वास्तू जपणाऱ्या मालकाला न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो, तेव्हा यादीत असणे हा तोटाच असे समजू नये. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मातीच्या गढीच्या आसपासचा वाडा असेल तर हे अंतर मोजून घ्यावे.

बाकीचे थोडक्यात. मालकीहक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, रस्ता रुंदीकरणाची रेघ कुठून जाते याचा नगररचनेचा नकाशा. मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम किंवा रेडीरेकनर (सरकारने ठरवलेले मूल्य) यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे आणि राहण्यासाठी असेल तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. रक्कम ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) घेणाऱ्यानेच कापून भरायचा असतो. वारसांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने कापावे लागते, आणि ते चुकले तर वसुली घेणाऱ्याकडून होते. वाड्यांच्या व्यवहारांत हे हमखास विसरले जाते.

किंमत कशी लावावी

जमिनीचा भाव धरताना गल्लीची रुंदी आधी बघा. अरुंद गल्लीत नवे बांधकाम जेमतेम होते, म्हणून मेन रोडच्या दराने आतल्या वाड्याचा हिशेब करू नये. त्यातून भाडेकरूंचे क्षेत्र वजा, इंजिनिअरने काढलेला दुरुस्तीचा अंदाज वजा, आणि त्या अंदाजावर तिसरा हिस्सा आणखी वजा, कारण जुनी भिंत उघडल्यावर काम वाढतेच. लाकडाची घनफुटी किंमत खाली आधार म्हणून धरावी. कागदाने सिद्ध झालेले थोर वास्तव्य असेल तरच वर काही द्यावे. २०२७ च्या कुंभमेळ्याचे नाव सांगून आज भाव वाढवले जातात. मेळा होऊन जाईल, तुळई पन्नास वर्षे सांभाळायची आहे.

दुमजली, एकाच चौकाचा, भाडेकरूमुक्त, पूररेषेबाहेरचा आणि पाच-सहा वारसांचाच वाडा मिळाला तर नावगाव नसले तरी तोच घ्यावा. तीन मजली, दोन चौकी, नामवंताचा, आठ भाडेकरूंचा वाडा संस्थेने किंवा धीर आणि पैसा दोन्ही असलेल्या कुटुंबाने घ्यावा. भाड्याने खोल्या देण्यासाठी घेणाऱ्याने वापर बदलाची परवानगी आणि अग्निशमनाचा दाखला आधी विचारावा.

शेवटचा तपास खरेदीखताच्या आदल्या दिवशी. खताच्या परिशिष्टात खांबांची संख्या, दिंडी दरवाजा, महिरपी, पितळी कड्या, हंड्या, आडावरचा रहाट, देवघराची चौकट हे सगळे मोजून लिहून घ्यावे आणि प्रत्येकाचा फोटो जोडावा. करार झाल्यावर आणि ताबा मिळण्यापूर्वीच्या दिवसांत कोरीव वस्तू निघून जातात. मग त्या जागी विटांचा खांब उभा दिसतो आणि तो आधीपासूनच होता असे सांगितले जाते. नोंदणी कार्यालयात सही करण्यापूर्वी सकाळी वाड्यावर जावे, यादी हातात घेऊन चौकाभोवतीचे खांब एकेक करून मोजावेत, आणि आकडा जुळला तरच सहीला निघावे.